नागपुरी संत्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल तालुक्यात आमची चार एकर संत्र्याची बाग आहे. आजोबांची बाग वाळली, वडिलांची अर्धी वाळली, आणि आता तिसरी मी उभी करतो आहे. नवीन लागवड करणारे शेतकरी, कृषी महाविद्यालयातली मुलं आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विदर्भात संत्र्याचं झाड तहानेने मरतं हे सगळ्यांना दिसतं. मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतं ते मात्र उशिरा कळतं. आमच्या दोन्ही बागा त्यातच गेल्या, म्हणून माती, पाणी आणि खोड याबद्दल मी जास्त लिहिलं आहे.

नागपुरी संत्रा ओळखायचा कसा?

साल पातळ आणि सैल असते. नख लावलं की सुटते, चाकूची गरज पडत नाही. आत दहा-बारा फोडी असतात, त्याही सहज वेगळ्या होतात. रस भरपूर, चव आंबट-गोड, आणि सोलताना जो वास सुटतो तो घरभर जातो. वनस्पतिशास्त्रात हे मँडरिन गटातलं फळ आहे. कूर्गचा आणि मेघालयातला खासी संत्रा हे त्याचे भाऊबंद.

संत्रा, मोसंबी आणि किन्नू यांत फरक काय?

मोसंबीची साल गराला घट्ट चिकटलेली असते आणि फोडी सहज सुटत नाहीत, म्हणून ती बहुतेक रसासाठी वापरतात. महाराष्ट्रात जालना भाग तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. किन्नू हा कॅलिफोर्नियात दोन मँडरिन जातींच्या संकरातून तयार झालेला वाण. तो आपल्याकडे पंजाबात, अबोहरच्या बाजूला खूप होतो. त्याची साल जास्त घट्ट आणि चकचकीत, बिया पुष्कळ. हिवाळ्यात मोठ्या शहरांच्या हातगाड्यांवर 'नागपुरी' म्हणून किन्नू सर्रास विकला जातो. सोलून बघा, साल झटकन सुटली नाही तर शंका घ्या.

बाग वरूडची, मग फळ नागपुरी कसं?

सर्वांत दाट बागा अमरावती जिल्ह्यात वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात आहेत. वरूड-मोर्शीला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. नागपूर जिल्ह्यात काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, आणि वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे, आष्टी, आर्वी इथेही हे पीक मोठं आहे. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात पांढुर्णा-सौसर, आणि दूर राजस्थानात झालावाडलाही हाच संत्रा लावतात.

नाव मात्र बाजाराचं लागलं. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली, आणि आजूबाजूच्या गावांचा माल त्या शहराच्या नावाने बाहेर जाऊ लागला. २०१४ मध्ये 'नागपूर संत्रा' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं. वरूडच्या शेतकऱ्याला याचं थोडं वाईट वाटतं, आणि त्याचं वाटणं मला पटतं.

हे झाड इथलंच का?

मूळचं नाही. मँडरिन संत्र्याचं मूळ घर ईशान्य भारतापासून चीनपर्यंतच्या पट्ट्यात मानतात. नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या रघुजीराजांनी औरंगाबादकडून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडून, रोपं आणून आपल्या बागेत लावली, असं आमच्या भागात पिढ्यान्पिढ्या सांगतात. तिथून ते खेडोपाडी पसरलं.

कोणत्या जमिनीत लावू?

हा प्रश्न कलम विकत घेण्याच्या आधी विचारला पाहिजे. बहुतेक जण नंतर विचारतात.

मध्यम काळी, एक मीटरपर्यंत खोल आणि खाली मुरूम असलेली, म्हणजे पाण्याचा निचरा होणारी जमीन उत्तम. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसात असला तर बरा. भारी काळ्या चिकण जमिनीत पावसाळ्यात पाणी मुळाशी थांबतं, तंतुमुळं सडतात, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की झाड वरून सुकायला लागतं. शेतकरी म्हणतो पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी देतो. आमच्या वडिलांनी नेमकं हेच केलं होतं.

चुनखडीच्या जमिनीचा त्रास वेगळा. मातीत मोकळा चुना दहा टक्क्यांच्या वर गेला की लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही. पानं शिरांमधून पिवळी पडत जातात आणि फवारण्यांचा खर्च कायमचा मागे लागतो. लागवडीआधी शेतात तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घेऊन प्रत्येक थराची माती तपासून घ्या. वरची वीतभर माती चांगली दिसली म्हणून फसू नका. जमीन भारीच असेल आणि संत्रा लावायचाच असेल तर गादीवाफ्यावर लावा आणि दर दोन ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर काढा.

कलमं कुठून घ्यावीत? कोणत्या खुंटावरची?

वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे गाव संत्र्याच्या पन्हेरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथून देशभर कलमं जातात. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हेही कलमं देतात. संशोधन संस्थेची रोपं निर्जंतुक केलेल्या मातीत, पिशवीत वाढवलेली असतात. ती महाग वाटतात आणि नंबर लावावा लागतो. तरी माझं मत तिकडेच आहे, कारण मूळकुजीची बुरशी बहुतेक वेळा रोपाच्या मुळाला चिकटूनच शेतात येते.

खुंट म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात ते खालचं रोप. असे खुंट दोन चालतात, जंबेरी आणि रंगपूर लाईम. जंबेरीवर झाड जोमाने वाढतं, पण ते मूळकूज आणि डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक येण्याच्या रोगाला, लवकर बळी पडतं. रंगपूर लाईम पाण्याचा ताण जास्त सोसतं आणि बुरशीलाही थोडं अधिक तोंड देतं. पाणी बेभरवशाचं असेल तर रंगपूर मागून घ्या. रोपवाटिकावाला 'सगळं एकच आहे' म्हणाला तर दुसरीकडे जा.

कलम साधारण दोन फूट उंच, सरळ आणि हिरव्यागार पानांचं असावं. डोळा जमिनीपासून वीतभर म्हणजे नऊ इंचांच्या आसपास वर बांधलेला असावा. खाली बांधलेला डोळा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

डोळ्याच्या उंचीचं एवढं काय?

खालचा खुंट रोगाशी लढतो, वरचा संत्रा लढत नाही. डोळा मातीत गाडला गेला किंवा आळ्यातलं पाणी त्याला लागत राहिलं, की बुरशी सरळ संत्र्याच्या सालीत शिरते. आमच्या दुसऱ्या बागेत मजुरांनी कलमं खोल लावली. पुढे प्रत्येक डवरणीला माती खोडाकडे लोटली गेली आणि सहाव्या वर्षी डिंक दिसायला लागला. लावताना डोळा जमिनीच्या वर राहतो ना, हे मालकाने स्वतः प्रत्येक खड्ड्यापाशी उभं राहून बघावं. त्या एका दिवशी दुसरं काम ठेवू नये.

दोन झाडांत किती अंतर?

सहा बाय सहा मीटर ही जुनी आणि सुरक्षित शिफारस. हेक्टरी २७७ झाडं बसतात, एकरी साधारण ११०. सहा बाय तीन मीटरवर दाट लागवडही होते. ती करायची तर दरवर्षी छाटणी करण्याची तयारी हवी. लावणी जुलै-ऑगस्टमध्ये, चांगला पाऊस पडून गेल्यावर.

आंबिया घ्यावा की मृग?

आमच्या गावात सर्वांत जास्त वाद ज्यावर होतात तो हा प्रश्न. संत्र्याला वर्षात तीनदा फुलं येऊ शकतात: आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत आणि हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरात. तिन्ही घेऊ दिले तर झाड थकतं आणि फळ बारीक राहतं. म्हणून एक बहार धरायचा आणि बाकीचे टाळायचे.

आंबियाची फुलं थंडी संपताना येतात आणि फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येतात. फुलणं थंडीच्या भरवशावर असल्यामुळे आंबिया सहसा हमखास फुटतो. पण फळं लहान असताना मार्च ते मे हे तीन महिने झाडाला भरपूर पाणी लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. विहीर-बोअरला तेव्हा पाणी टिकत असेल तरच आंबिया धरावा. पुढे पावसाळ्यात फळगळ आणि रस शोषणारा पतंग ही दोन संकटं याच बहारावर येतात.

मृगाची फुलं पहिल्या पावसाबरोबर येतात आणि फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतात. भर उन्हाळ्यात झाडावर फळ नसतं, त्यामुळे पाणी कमी लागतं. फळाला रंग आणि गोडी चांगली येते, बाजारात मालही कमी असतो. अडचण एकच, मृग फुटेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. मे महिन्यात वळवाचा एक जोरदार पाऊस पडला तर ताण तुटतो. मृग नक्षत्र कोरडं गेलं आणि पाऊस जुलैत सुरू झाला तर फुलं तुरळकच येतात. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे मृग दोनदा जवळजवळ पूर्ण हुकला.

मी पाणी मोजून ठरवतो. जानेवारीत बोअरची पातळी बघतो. मेपर्यंत पुरेल असं वाटलं तर आंबिया, नाहीतर सरळ मृग. बागेचे दोन भाग करून एकेकावर एकेक बहार धरणारे शेतकरीही आहेत. ज्यांचं घर फक्त संत्र्यावर चालतं त्यांना मी तेच सुचवेन.

ताण म्हणजे काय, आणि किती द्यायचा?

पाणी बंद करून झाडाची वाढ थांबवणं म्हणजे ताण. वाढ थांबली की झाड अन्न साठवतं आणि पाणी मिळताच ते फुलांवर खर्च करतं. आंबियासाठी डिसेंबरात पाणी तोडतात आणि जानेवारीच्या मध्यावर पुन्हा सुरू करतात. मृगासाठी मे महिन्यात. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे पुरतात, भारी जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात, कारण तिथे ओल खोल असते.

पानं मलूल होऊन थोडी पिवळसर झाली आणि काही गळू लागली की ताण बसला समजा. निम्म्याहून जास्त पानं गळेपर्यंत थांबू नका. ताणाआधी वखराची हलकी पाळी द्या, वाळलेल्या फांद्यांची सल काढा आणि पानसोट, म्हणजे फळ न देणारे उभे फुटवे, छाटून टाका. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं द्यावं, पूर्ण पाणी नंतर. एकदम आळं भरलं तर नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते आणि फुलं मागे राहतात.

एका झाडाला पाणी किती लागतं?

दहा वर्षांच्या वरच्या झाडाला मे महिन्यात रोज दीडशे ते दोनशे लिटर. एकरी ११० झाडं धरली तर रोज सोळा ते बावीस हजार लिटर होतात. लागवड करण्याआधी हा हिशेब आपल्या विहिरीशी घालून बघा. वरूड-मोर्शी भागात भूजलाचा उपसा इतका वाढला की बोअर शेकडो फूट खाली गेले आणि हजारो झाडं वाळली. बागा ज्या वेगाने वाढल्या त्या वेगाने पाणी जिरवलं गेलं नाही. शेततळं आणि नाला खोलीकरण हा बागेच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ठिबक असेल तर उत्तम. नळी खोडाला चिकटवू नका, फांद्यांच्या सावलीच्या कडेला गोल फिरवा. पाटाने देत असाल तर दुहेरी आळं करा. आतलं छोटं आळं खोडाभोवती कोरडं राहतं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात फिरतं. झाडाची अन्न घेणारी मुळं तशीही बाहेरच्या बाजूलाच असतात.

खोडातून डिंक येतो आहे. काय करू?

हा डिंक्या. फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे होतो. तीच बुरशी जमिनीखाली मूळकूज आणि पायकूज करते. डिंक दिसलेली जागा धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा, खरवड गोळा करून जाळा, आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा.

पेस्ट घरी करा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडी भांडं चालत नाही. मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा. लोखंडी खिळा थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

रोग दिसायची वाट बघू नका. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर, प्रत्येक झाडाचं खोड जमिनीपासून एक मीटरपर्यंत पेस्टने माखा. रस्त्यावरून जाताना निळसर-पांढऱ्या खोडांची बाग दिसली की समजावं, इथला शेतकरी जागा आहे.

आंबियाची फळं ऑगस्ट-सप्टेंबरात गळतात. कारण काय?

एकच कारण असतं तर औषध सोपं होतं. खाली पडलेलं फळ उचलून बघा.

देठाजवळ काळपट, कुजलेलं असेल तर बुरशी. ती बहुतेक वाळलेल्या फांद्यांवरून येते, म्हणून उन्हाळ्यात सल काढलेल्या बागेत ही गळ कमी असते. फळावर तपकिरी डाग असतील आणि खालच्या फांद्यांचीच फळं जास्त गळत असतील, तर मातीतली बुरशी पावसाच्या शिंतोड्यांनी वर उडाली आहे. तेव्हा पाण्याचा निचरा करा, खालच्या फांद्यांना टेकू द्या आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. फळावर कसलीच खूण नसेल तर झाडाला फळांचा भार झेपत नाही, किंवा पाण्यात ओढाताण झाली.

सुईने टोचल्यासारखं बारीक छिद्र असेल आणि दाबल्यावर रस येत असेल तर तो रस शोषणाऱ्या पतंगाचा उद्योग. हा पतंग अंधार पडल्यावर येतो. त्याच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, त्या बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून पावसाळ्यात बागेभोवतीच्या त्या वेली काढून टाका. संध्याकाळी ओल्या-सुक्या काडीकचऱ्याचा धूर करा. पडलेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरा, कारण त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात. हे काम गावाने मिळून केलं तरच उपयोग होतो. एकट्याच्या बागेतला धूर पतंगाला शेजारी पाठवतो, एवढंच.

पानं काळी पडली आहेत.

कोळशी. काळी माशी कोवळ्या नवतीच्या पानांखाली अंडी घालते, तिची पिल्लं रस शोषून चिकट द्रव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. फवारणी पानांच्या खालच्या बाजूने, पिल्लं नुकती बाहेर पडत असताना करायची. पानं पूर्ण काळी झाल्यावर फवारून फारसं हाती लागत नाही. नवतीवर सायला नावाची कीडही येते. ती ग्रीनिंग नावाचा बरा न होणारा रोग पसरवते, म्हणून तिन्ही बहारांच्या नवतीवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.

खत किती?

फळावर आलेल्या, दहा वर्षांच्या आसपासच्या झाडाला वर्षाला ५० किलो कुजलेलं शेणखत, साडेसात किलो निंबोळी ढेप, ८०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद आणि ६०० ग्रॅम पालाश. पिशव्यांच्या भाषेत पावणेदोन किलो युरिया, जवळपास दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश. युरिया एका दमात टाकू नका, तीन हप्ते करा. माती आणि पानं तपासून हे आकडे कमी-जास्त करा.

सुरुवातीच्या वर्षांत आंतरपीक चालेल?

चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत फळ नसतं, त्यामुळे घ्यावंच लागतं. सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा चालतात. मिरची, वांगी, टोमॅटो नकोत. त्यांना सतत पाणी लागतं, आणि त्यांचे मुळांचे रोग बागेत राहून जातात.

बी लावून झाड येईल का?

येईल, बहुतेक वेळा आईसारखंच येईल. पण काटेरी होईल आणि फळाला डोळ्याच्या कलमापेक्षा बरीच जास्त वर्षं घेईल. अंगणात हौसेने लावायला हरकत नाही.

व्यापारी भाव कसा ठरवतो?

आमच्याकडे अजूनही निम्म्याहून जास्त बागा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी बाग बघतो, अंदाजाने ठोक रक्कम किंवा हजार फळांवर भाव ठरवतो, विसार देतो आणि नंतर तोडणी करतो. भाव पडला तर तोच माणूस तोडणी लांबवतो, आणि तोपर्यंत गळलेली फळं शेतकऱ्याची. व्यवहार लेखी करा, तोडणीची शेवटची तारीख त्यात घाला. एका व्यापाऱ्याने आम्हाला असं दीड महिना लटकवलं होतं. त्या वर्षीपासून कागदाशिवाय एकही झाड विकलं नाही.

स्वतः नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेत असाल तर आकारानुसार प्रतवारी करून न्या. बारीक फळाला, म्हणजे चुरीला, जवळजवळ भाव मिळत नाही. ती रसासाठी जायला हवी, पण आपल्या भागात प्रक्रिया उद्योग मालाच्या मानाने फार तोकडे आहेत. त्यात बांगलादेश हा आपला सर्वांत मोठा परदेशी ग्राहक, आणि त्याने २०१९ नंतर संत्र्यावरचं आयातशुल्क वरचेवर वाढवत नेलं. तिकडे न गेलेला माल देशातल्याच बाजारात येतो आणि आंबियाचा भाव खाली ओढतो. एका देशावर एवढं अवलंबून राहणं ही आपल्या सगळ्यांची चूक झाली.

हिरवट साल म्हणजे कच्चं फळ का?

नाही. सालीला केशरी रंग यायला रात्रीची थंडी लागते. ऑक्टोबरात ती नसते, म्हणून आंबियाची सुरुवातीची फळं आतून तयार असूनही वरून हिरवट दिसतात. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागेल ते फळ रसाळ. फार हलकं आणि साल फुगलेलं फळ आतून कोरडं निघतं.

घरी किती दिवस टिकतात?

हिवाळ्यात टोपलीत पसरून ठेवली तर आठवडाभर, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात दोन-तीन आठवडे. प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नका. एक फळ नासलं तर लगेच बाजूला काढा. तोडताना देठ कात्रीने कापलेली फळं टिकतात, ओढून तोडलेल्यांची साल देठापाशी फाटते आणि तिथूनच ती सडतात.

बाग काढायची वेळ आली हे कसं ठरवू?

जुन्या लोकांच्या बागा पंचवीस-तीस वर्षं चालत. आता पंधराव्या वर्षीच झाडं शेंड्याकडून वाळू लागलेली दिसतात. निम्मी झाडं सल धरून बसली असतील आणि दोन हंगाम उत्पन्नातून खर्च निघत नसेल तर काढा. एखाद-दुसरं झाड मेलं असेल तर लगेच त्याच खड्ड्यात नवं कलम लावायची घाई करू नका, तिथे बुरशी दबा धरून असते. मुळं खणून काढा, खड्डा उन्हाळाभर तापू द्या. पूर्ण बाग काढली असेल तर दोन-तीन वर्षं तूर, सोयाबीन, हरभरा घ्या आणि नवे खड्डे जुन्या दोन ओळींच्या मधोमध पाडा. आमच्या तिसऱ्या बागेचे खड्डे तसेच पाडले आहेत. यंदा तिला पाचवं वर्ष आहे, खोडं दोनदा माखून झाली, आणि पहिला आंबिया झाडावर आहे.